वाहनसुविधा : आहे

सरकारी तक्त्यात ‘नाही’ लिहून कुणी गोत्यात आल्याचं ऐकिवात नाही. शाळेला कुंपण? नाही. संगणक? नाही. हात धुवायला नळ? नळ आहे, पाणी नाही. माणसं वर्षानुवर्षं ‘नाही’ लिहितात, सही-शिक्का मारतात आणि सुखानं निवृत्त होतात. केशवराव दिवेकरांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच एका रकान्यात ‘आहे’ असं लिहिलं. तेही ठसठशीत, वर तीन फोटो जोडून. त्या एका ‘आहे’ची ही गोष्ट. ती ऐकणाऱ्याला हसू येतं, हे केशवरावांना मान्य आहे. ते स्वतः मात्र अजून हसलेले नाहीत.

केशवराव राहायला बारामतीला आणि शाळा माळवस्तीला. माळवस्ती म्हणजे पळसदेवच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरची चाळीसेक घरं. निम्मी उसावर जगणारी, निम्मी जाळ्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेला खोल्या दोन, इयत्ता चार आणि शिक्षकही दोनच. एक मुख्याध्यापक केशवराव आणि दुसऱ्या योगिनीबाई. मुख्याध्यापक हा शब्द ऐकायला भारदस्त असला तरी हाताखाली माणूस एकच, आणि ते माणूस आपल्यापेक्षा चांगलं शिकवतं, हे केशवराव मनात ओळखून होते. तोंडानं कधी बोलले नाहीत, एवढंच.

योगिनीबाईंची शिकवण्याची रीत काही कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. बेरीज-वजाबाकी त्या पोरांना काठावर नेऊन होड्यांवर शिकवायच्या. सावळाराम आबांची नात संस्कृती पहिलीत आली तेव्हा वर्षभर शाळेत एक अक्षर बोलली नाही. बाई रोज दहा मिनिटं तिच्याशेजारी नुसत्या बसायच्या. दुसरीत गेल्यावर एक दिवस पोरगी म्हणाली, “बाई, तुमच्या साडीला शाई लागलीया.” त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुरू झालं ते बंद होईना. आता तर ती केशवरावांनाही फळ्यावरच्या चुका दाखवायची.

जूनमध्ये परिपत्रक आलं. ‘निधीची मर्यादा लक्षात घेता’ अशी त्याची सुरुवात होती. परिपत्रक या चार शब्दांनी सुरू झालं की पुढचं न वाचता खुर्चीत नीट बसून घ्यावं, हे केशवरावांना अनुभवानं कळलं होतं. ज्या शाळेचा पट सप्टेंबरअखेर वीसच्या खाली, तिथलं दुसरं पद रद्द. माळवस्तीचा पट होता सतरा. म्हणजे योगिनीबाई ‘अतिरिक्त’ ठरणार आणि जिल्ह्याच्या कुठल्यातरी टोकाला जाणार. चार इयत्ता एकटा माणूस राखू शकतो, शिकवू शकत नाही. आणि ती रोजची दहा मिनिटं कुणी कुणाशेजारी बसायची?

“सर, तीनच तर पोरं कमी आहेत,” योगिनीबाई म्हणाल्या, “वस्तीवरची नऊ पोरं त्या इंग्रजी शाळेत जातात. त्यातली तीन जरी आपल्याकडं आली तरी झालं.”

मग दोघं घरोघर निघाले. केशवरावांनी गुणवत्ता, मातृभाषा, मोफत पुस्तकं, मोफत गणवेश, मोफत खिचडी असं सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. पहिल्याच घरात एका आईनं त्यांना मातृभाषेपाशीच अडवलं. “त्ये सगळं खरं हाय गुरुजी. पर गाडी येती का दारात?”

“गाडी कशाला? शाळा दोनशे पावलांवर आहे.”

“त्येच तर. त्यांची पिवळी गाडी येती, हारन वाजिवती, पोरगं पळतच सुटतं. तुमच्या शाळंला चालत जावं लागतं. चालत जायाला काय किंमत?”

सात घरांत हेच उत्तर मिळालं. आठव्या घरात कुत्रं होतं, म्हणून ते घर वगळलं.

त्या संध्याकाळी केशवराव बारामतीला घरी आले ते ठरवूनच. आपल्या शाळेलाही गाडी आणायची. पत्नी श्यामलाताई पोहे निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “अहो, आपल्या स्कूटरचा विमा तीन महिने भरायचा राहिलाय. तो भरून मग बस घेणार का?” केशवरावांनी हा प्रश्न ऐकला नाही. थोर कार्याच्या सुरुवातीला घरच्या माणसांचा विरोध असतोच, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

शेजारी आप्पासाहेब राहायचे. कुठल्याशा कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून सोसायटीतल्या प्रत्येक दाराला अधीक्षकाची सोय झाली होती. सोसायटीत कुणी खिळा ठोकायला घेतला तरी आप्पासाहेब ‘परवानगी घेतली का’ म्हणून बाहेर यायचे. गाडीचं कळताच ते हातात चहाचा कप घेऊन आले. स्वतःच्या घरचा चहा ते सहसा स्वतःच्या घरी पीत नसत.

“आधी अर्ज करा,” ते म्हणाले, “अर्जाशिवाय पाऊल टाकलंत तर मरणोत्तर चौकशी लागेल.”

केशवरावांनी अर्ज केला. महिन्यानं उत्तर आलं : शाळेच्या नावे वाहन घेण्याची तरतूद नाही. तसेच शाळेने वाहन घेऊ नये अशीही तरतूद आढळून येत नाही. निधी उपलब्ध नाही. लोकसहभागातून करता येईल ते करावे व अहवाल सादर करावा. केशवरावांनी हे पत्र चार वेळा वाचलं आणि ती परवानगीच आहे असं पाचव्या वेळी ठरवलं.

गाडीही आप्पासाहेबांनीच शोधली. त्यांचे मेहुणे वालचंदनगरच्या कॉलनीत राहायचे. त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनियर होते, त्यांची व्हॅन विकायची होती. “एकहाती गाडी आहे,” आप्पासाहेब म्हणाले. “फक्त मंडई आणि देऊळ.” गाडी खरोखरच एकहाती होती. तीन वर्षं कडुलिंबाखाली उभी होती आणि शेवटच्या वर्षी त्यात एका मांजरीचं बाळंतपण झालं होतं. पिल्लं उचलून बाजूला ठेवल्याशिवाय केशवरावांना आत डोकावता आलं नाही. इंजिनियरसाहेब हळवे झाले. “लेकीसारखी जपलीय,” ते म्हणाले. केशवरावांनी लेकीचं दार उघडलं, ते हातात आलं.

आता लोकसहभाग. माळवस्तीत सभा भरली. सावळाराम आबा उठले. आबा म्हणजे वस्तीचं वजनदार माणूस. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं, आणि वर माळावर आल्यावर घराच्या आधी शाळेची भिंत त्यांच्या वडिलांनी उभी केली होती.

“गुरुजी,” आबा म्हणाले, “एक चाक आमच्या म्हाताऱ्याच्या नावानं. म्या देतो.”

झालं. उरलेल्या तीन चाकांवर तीन घरं तुटून पडली. स्टेपनी गणेश मंडळानं घेतली. बसायची बाकं एका बागायतदारानं दिली, काचा दुसऱ्यानं. केशवरावांचा ऊर भरून आला. तो रंगाऱ्याशी बोलताना रिकामा झाला. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव हवं, हा आपल्याकडचा रिवाज देवळाच्या पायरीपासून स्मशानातल्या बाकापर्यंत चालत आलेला आहे, तो गाडीलाच कसा चुकावा? प्रत्येक चाकाच्या वर ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ आलं. दारावर दोन नावं, काचेवर एक. मागं ‘स्टेपनी सौजन्य’ आलं. एवढं झाल्यावर शाळेच्या नावाला जागाच उरली नाही. शेवटी ते टपावर लिहिलं. ते कावळ्यांना आणि सावळाराम आबांच्या माडीवरून दिसायचं. खाली एका कोपऱ्यात, पेट्रोलच्या झाकणाशेजारी, योगिनीबाईंनी स्वतः ब्रश घेऊन लिहिलं : ‘संकल्पना – केशव दिवेकर, मुख्याध्यापक’. केशवराव नको नको म्हणाले, आणि मग तिथला ‘केशव’ जरा ठळक करून घेतला.

गाडी शाळेच्या नावे घेता येत नव्हती, म्हणून ती आबांच्या पुतण्याच्या, गोकुळच्या नावे झाली. गोकुळकडं परवाना होता आणि सकाळी भिगवणच्या मासळीबाजाराला जायला वाहन नव्हतं. तेव्हा ठरलं असं, की पहाटे गाडीनं मासे न्यायचे आणि साडेनऊनंतर पोरं. गोकुळ गाडी धुवायचा, अगदी मनापासून धुवायचा, पण मासळीचा वास हा धुण्याला दाद देणारा प्रकार नव्हे. वस्तीवरच्या पोरांना त्या वासाचं काही नव्हतं, ती त्यातच वाढलेली. मांजरं मात्र गाडीमागोमाग शाळेत येऊ लागली. एकदा तिसरीच्या हजेरीच्या वेळी सात मांजरं वर्गात होती आणि विद्यार्थी सहा.

गाडीत आणखी दोन खोडी होत्या. एक, ती चावीनं सुरू होत नसे, ढकलावी लागे. दुसरी खोड हॉर्नची. सगळा डाव होता हॉर्नवर, आणि पुढचा हॉर्न मुका निघाला. मात्र इंजिनियरसाहेबांनी मागं जाताना वाजणारा एक हॉर्न बसवून घेतला होता, त्यातून कुठल्याशा आरतीची चाल वाजायची. तो ठणठणीत होता. गोकुळनं एक रात्र विचार केला आणि तोडगा काढला. तो प्रत्येक घरापुढं गाडी उलटी आणू लागला.

माळवस्तीनं असं दृश्य पाहिलं नव्हतं. सकाळी दहा वाजता बोळातून आरती वाजवत एक पिवळी गाडी पाठमोरी यायची, गोकुळ खिडकीतून मान काढून मागं बघतोय, त्यामागं मांजरं, आणि घराघरातून पोरं पळत सुटलीत. म्हाताऱ्या बायका सवयीनं हात जोडायच्या. दोनशे पावलांच्या शाळेला गाडी वळसा घालून, साऱ्या वस्तीला दर्शन देऊन वीस मिनिटांनी पोचायची. पहिल्या आठवड्यात इंग्रजी शाळेच्या गाडीत बसलेली दोन पोरं खाली उतरून या गाडीत येऊन बसली. त्यांना उलटं जायचं होतं.

उद्घाटनाला केंद्रप्रमुख आले. फीत कापली. गोकुळनं चावी फिरवली, गाडी खोकली आणि गप्प बसली. केशवरावांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या, पोरांना मागं लावलं आणि स्वतः मधोमध उभं राहून जोर लावला. गाडी एकदम सुरू झाली, पुढं गेली, आणि केशवराव होते तिथंच पण आडवे झाले. खाली ओढ्याचा ओला गाळ होता. कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो बारामतीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली आप्पासाहेबांनी लिहिलं होतं : ‘आमचे शेजारी शिक्षणाला गती देताना.’ श्यामलाताई सदरा तीन वेळा धुऊन म्हणाल्या, “डाग जाईना. राहू दे, शाळेच्या गाडीचं काम करायला ठेवा.” यातला टोमणा केशवरावांनी गिळला. त्या दिवसांत त्यांना काहीही पचत होतं.

कारण तीस सप्टेंबरला पट झाला एकवीस.

योगिनीबाईंनी हजेरीपट दोनदा मोजला, मग पोरांना ओळीनं उभं करून मोजलं, मग संस्कृतीला मोजायला लावलं. “एकवीस!” ती ओरडली. बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, “सर, मी सामान बांधायला घेतलं होतं.”  केशवराव म्हणाले, “सामान सोडा, आणि चौथीचे पेपर तपासायचे राहिलेत तेवढे बघा.” पण त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर ते मोठ्यानं गात होते. गोष्ट इथं संपती तर फार बरं झालं असतं. चांगल्या गोष्टीला कुठं थांबावं ते कळत नाही, आणि केशवरावांना तर मुळीच कळत नव्हतं.

ऑक्टोबरात वार्षिक माहितीचा तक्ता आला. त्यात शेवटून दुसरा रकाना : ‘वाहनसुविधा’. केशवरावांच्या आधी तिथं जयवंताबाई नावाच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या दरवर्षी या रकान्यात एकच वाक्य लिहीत : ‘वाहनसुविधा नाही. मध्ये ओढा. फुगवट्याचे पाणी. मुले दुसरीकडे जाऊ शकत नाहीत.’ निवृत्त होताना त्यांनी किल्ल्यांबरोबर केशवरावांना एक गोष्ट सांगितली होती : “बाकी काय हवं ते बदला सर, हे एवढं वाक्य तसंच उतरवत जा.” केशवरावांना ते रडगाणं वाटायचं. तरी थोरांचा शब्द म्हणून सहा वर्षं त्यांनी ते उतरवलं होतं. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि बाईंनीही सांगितलं नव्हतं.

या वर्षी पेन त्या रकान्यावर थबकलं. केशवरावांनी तक्ता घरी नेला. आप्पासाहेब चहाला होतेच.

“रकाना म्हणजे शाळेचा आरसा,” आप्पासाहेब म्हणाले. “अख्ख्या तालुक्यात कुठल्या शाळेला स्वतःची गाडी आहे? आणि तुम्ही लिहिणार ‘नाही’? अहो, एवढं लोळलात ते कशासाठी?”

लोळण्याचा उल्लेख वर्मी लागला. जगानं चिखलातला फोटो पाहिला होता, आता जगानं कागद पाहायला हवा होता. केशवरावांनी लिहिलं : ‘वाहनसुविधा : आहे. सर्व विद्यार्थ्यांना घरपोच. लोकसहभागातून.’ जोडीला तीन फोटो. एकात गाडी, एकात आत बसलेली हसरी पोरं, एकात बॉनेटवर हात ठेवून उभे केशवराव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

डिसेंबरात जाडजूड पाकीट आलं. त्यात दोन कागद होते. पहिला कागद रंगीत : उपक्रमशील मुख्याध्यापक म्हणून केशवरावांचं अभिनंदन. दुसरा साधा : माळवस्ती शाळा कमी पटाची असून, विद्यार्थ्यांसाठी वाहनसुविधा उपलब्ध असल्याने, नव्या शैक्षणिक वर्षापासून ती हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजित करण्यात येत आहे. विद्यार्थ्यांची ने-आण उपलब्ध वाहनातून करावी. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

केशवराव दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत हजर. तिथले साहेब तरुण होते आणि वाईट गोष्ट अशी की फार नम्र होते. नम्र माणसाशी भांडता येत नाही.

“साहेब, कमी पट कसा? एकवीस आहे.”

“यादी गेल्या वर्षीच्या पटावरून झालीय, सर. गेल्या वर्षी सतरा.”

“आणि यंदाचा?”

“तो पुढच्या वर्षीच्या यादीत येईल.”

“पुढच्या वर्षी शाळाच नसेल.”

साहेबांनी यादीवरून पुन्हा बोट फिरवलं. “हो, मग नाही येणार,” ते म्हणाले. मग फाईल उघडून त्यांनी आवाज खाली आणला. “सर, तुमच्या शाळेचं नाव दरवर्षी या यादीत येतं. दरवर्षी शेऱ्यामुळं निघतं. वाहन नाही, ओढा आहे, म्हणून पोरं हलवता येत नाहीत. या वर्षी शेरा सापडला नाही.”

केशवरावांना जयवंताबाईंचं वाक्य शब्द न् शब्द आठवलं. त्यांनी ज्याला रडगाणं समजलं ते शाळेचं कुंपण होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं, फोटो लावून, काढून टाकलं होतं. 

“गाडी चालत नाही, साहेब. ढकलावी लागते.”

“तसं असेल तर मी येऊन पाहतो,” साहेब म्हणाले. “गाडी नादुरुस्त असा अहवाल मला देता आला, तर शेरा परत टाकता येईल. मलाही शाळा बंद करायची हौस नाही, सर.”

एवढा सोपा मार्ग असेल असं केशवरावांना वाटलं नव्हतं. ते तडक वस्तीवर आले, देवळापुढं लोक जमवले आणि घडलं ते सगळं, स्वतःच्या ‘आहे’सकट, सांगून टाकलं. सांगताना मान वर झाली नाही. त्यांना वाटलं होतं लोक शिव्या देतील. एकानंही शिवी दिली नाही, ते जास्त लागलं.

“म्हंजी आमी म्हनायचं, गाडी भंगार हाय?” सावळाराम आबांनी विचारलं.

“हो आबा. एक दिवस.”

“माझ्या बापाचं नाव हाय त्या चाकावर, गुरुजी.”

“ठाऊक आहे.”

 आबा म्हणाले, “भिंत बी त्यानंच बांधली व्हती. चाक न्हाई म्हनलं तर भिंत ऱ्हाती न्हवं? मग म्हनू की. आमचा म्हातारा समजून घील.”

सगळं ठरलं. साहेब येणार, गाडी सुरू होणार नाही, लोक मान हलवणार. फक्त गोकुळ त्या सभेला नव्हता. तो भिगवणला मासे घेऊन गेला होता. त्याला कुणीतरी सांगायचं होतं. आबांना वाटलं गुरुजी सांगतील. गुरुजी सांगायला दोनदा गेलेही. पहिल्यांदा गोकुळ गाडीखाली निजून काहीतरी पिळत होता. दुसऱ्यांदा तो त्या टपावरच्या, कुणालाच न दिसणाऱ्या शाळेच्या नावाला नव्यानं रंग देत होता. “गुरुजी, सायेब येनार हायती म्हनं गाडी बघाय!” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला होता की ‘तुझी गाडी मेलीय असं दाखवायचंय’ हे शब्द केशवरावांच्या ओठावर येऊन परत गेले. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. आबा सांगतीलच, असंही ठरवलं. आयुष्यात काही उद्या येत नाहीत, हे सत्तावीस वर्षं पोरांना सुविचार म्हणून फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. लोक ठरल्याप्रमाणे पडेल चेहऱ्यानं उभे. योगिनीबाईंनी पोरांना आत बसवलं होतं. केशवराव म्हणाले, “साहेब, बघा तुम्हीच, हिला सुरू करणं म्हणजे…”

तेवढ्यात बोळातून गाडी आली. सरळ आली. चकचकीत, शाम्पूनं धुतलेली, आरशाला झेंडूची माळ. आणि पुढचा हॉर्न वाजत होता! गोकुळनं ती ऐटीत साहेबांच्या पुढ्यात उभी केली, बंद केली, पुन्हा चावी फिरवली. एका फेऱ्यात गाडी गुरगुरली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. असं त्यानं चार वेळा करून दाखवलं. साहेबांना वासही आला नाही. त्यानं आत अगरबत्तीचा अख्खा पुडा लावला होता.

“पाव्हन्याच्या ट्रॅक्टरची ब्याटरी आनली,” तो केशवरावांच्या कानात अभिमानानं कुजबुजला. “एका दिसापुरती. म्हनलं, सायबापुढं गुरुजींची शोभा व्हाया नको.”

सावळाराम आबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी केशवरावांकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नाइलाज होता. सगळ्या गावापुढं त्यांनी गाडी चार वेळा सुरू झालेली पाहिली होती. ‘नादुरुस्त’ हा शब्द आता त्यांनाही लिहिता येत नव्हता. “छान ठेवलीय गाडी,” ते गोकुळला म्हणाले, आणि गोकुळ लाजला.

खरं काय झालं ते गोकुळला संध्याकाळी कळलं. तो दोन दिवस मासेमारीला गेला नाही. केशवराव त्याच्या घरी जाऊन बसले. “तुझी चूक नाही,” ते म्हणाले. “मीच सांगायला हवं होतं, माझीच जीभ उचलली नाही.”  त्याच्या आईनं दोघांपुढं चहा ठेवला, तो दोघांचाही निवला.

मोठ्या शाळेत शिक्षक पुरेसे होते, त्यामुळं वाचवलेलं दुसरं पद पहिल्या पदासकट गेलं. योगिनीबाईंना भोरच्या डोंगरातली एक शाळा मिळाली. त्यांची पाच वर्षांची मुलगी आसावरी माळवस्तीच्याच शाळेत पहिलीत येणार होती, तिचं दप्तरही घेऊन झालं होतं. केशवरावांना मात्र वडगाव निंबाळकरजवळची शाळा मिळाली. घरापासून अगदी जवळ. अशी बदली मिळावी म्हणून त्यांनी पूर्वी नऊ वेळा अर्ज केले होते. सोसायटीत लोकांनी अभिनंदन केलं. आप्पासाहेब म्हणाले, “बघा, आमच्या सल्ल्याचं फळ.” केशवरावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना चहा विचारला नाही. श्यामलाताईंनी तो डागाचा सदरा बोहारणीला द्यायला काढला होता, तो परत घडी करून कपाटात ठेवला.

शेवटच्या दिवशी योगिनीबाई संस्कृतीशेजारी दहा मिनिटं नुसत्या बसल्या. या वेळी बोलत नव्हत्या त्या बाई. पोरगी सारखी बोलत होती.

जूनमध्ये मोठी शाळा सुरू झाली त्या दिवशी केशवराव माळवस्तीला आले. दोन बाकं, एक घंटा, तीन फळे, एक कपाट असं सगळं लिहून किल्ली ताब्यात द्यायची होती. उजनीचं पाणी खाली गेलं होतं. दूर पळसदेवचं बुडालेलं देऊळ अर्ध्या अंगानं वर आलं होतं. सावळाराम आबा शाळेच्या पायरीवर बसले होते.

“देऊळ येतं बघा दरसाली वर,” आबा म्हणाले. “पानी हटलं की. ही शाळा काय आता वर यायची न्हाय.”

“माझं चुकलं, आबा,” केशवराव म्हणाले.

“चुकलं खरं,” आबा म्हणाले. त्यांनी नाही म्हणावं असं केशवरावांना वाटत होतं. आबांनी थोडं सरकून पायरीवर जागा केली.

दहा वाजता बोळातून आरती ऐकू आली. ट्रॅक्टरची बॅटरी केव्हाच पाव्हण्याकडं परत गेली होती. गाडी आपली पूर्वीसारखी पाठमोरी आली, पोरांना घेत घेत शाळेपुढं आली आणि सवयीनं तिथं थांबली. थांबली ती बंदच पडली. आत एकवीस पोरं दाटीवाटीनं बसलेली. गोकुळनं दोनदा चावी फिरवली, मग खिडकीतून बाहेर बघितलं. केशवरावांकडं बघणं त्यानं टाळलं.

आता ढकलायला पोरं उतरली तर मोठ्या शाळेला पहिल्याच दिवशी उशीर होणार होता. केशवराव उठले. त्यांनी किल्ली खिशात टाकली, ‘स्टेपनी सौजन्य’वर दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. आबाही येऊन लागले. गाडी दहा पावलं गेली, वीस गेली, शाळेचं आवार ओलांडून रस्त्याला लागली आणि एकदम सुरू झाली. या वेळी केशवराव पडले नाहीत. सुरू झालेली गाडी थांबवायची सोय नव्हती, त्यामुळं गोकुळ थांबला नाही.

मागच्या खिडकीतून संस्कृतीनं डोकं बाहेर काढलं.

“गुरुजी,” ती ओरडली, “तितं ढकलायला कोन हाय?”

केशवरावांनी हात वर केला, पण उत्तर देईपर्यंत गाडी वळणापलीकडं गेली होती.